स्टेशनचं नाव सोलन ब्रुअरी



मागचा लेख तवांगच्या बर्फातला होता. वाचूनच थंडी वाजली असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून या वेळी जरा खालच्या डोंगरात उतरू या. हिमाचलात, कालका-सिमला लाइनवर.

ही लाइन 1903 साली सुरू झाली. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. कालक्याहून गाडी चढू लागली की काही वेळाने धरमपूर येतं, तिथून कसौलीला रस्ता फुटतो. मग कुमारहट्टी, तिथून वर डगशाई. मग बडोगचा लांबलचक बोगदा, मग सोलन. सोलन सोडलं की पुढच्याच स्टेशनच्या पाटीवर नाव आहे: सोलन ब्रुअरी.

1993 साली माझी पोस्टिंग त्या भागात होती. एका रविवारी दोघं-तिघं सिमल्याला निघालो होतो, तेव्हा ही पाटी पहिल्यांदा पाहिली. आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबांनी आयुष्यात चहासुद्धा घेतला नाही. रेल्वेने बिअरच्या कारखान्याच्या नावाने स्टेशन काढलंय, हे त्या आठवड्याच्या पत्रात मी घरी कळवलं नाही. बाकी सगळं लिहिलं. बोगदे, देवदार, माकडं. ती पाटी तेवढी गाळली.

आज ती पत्रात न लिहिलेली गोष्ट लिहितो. तीस वर्षं उशीर झाला, पण हरकत नाही.

पहिला ग्लास

त्याच वर्षी युनिटच्या बड्या खान्याला मी पहिल्यांदा बिअर चाखली. गोल्डन ईगल. सोलनच्या त्याच कंपनीची. वय तिशीच्या आत, हवालदार होतो. रम माहीत होती. वरच्या पोस्टवर गरम पाण्यात घालून मिळायची, ती औषधासारखी गिळायची. बिअर मात्र सावकाश प्यायची असते हे कोणी शिकवलेलं नव्हतं. पहिला घोट एकदम घेतला आणि तोंड वाकडं केलं.

समोर आमचे सुभेदार मेजर साहेब बसले होते. हमीरपूरकडचे, भरघोस मिशांचे. हसून म्हणाले, "आराम से, बेटा. ये पहाड़ का पानी है."

मग आरामात घेतली. रंग नव्या कडब्यासारखा पिवळा. वासाला भिजत घातलेल्या धान्याची आठवण यावी. कडूपणा मेथीच्या भाजीइतका, त्याहून जास्त नाही. आणि घोट उतरल्यावर मागे एक गोडी राहते, भाकरीचा पापुद्रा नुसता चावून खाल्ला तर येते तशी. मला ती चव आवडली. अपराधीही वाटलं. दोन्ही खरं आहे.

साहेबांनी त्या रात्री एक वाक्य सांगितलं, ते डोक्यात बसलं: "ये चीज़ फ़ौज के लिए ही बनी थी." नंतर जिथे जिथे पोस्टिंग झाली तिथल्या लायब्ररीत मी या वाक्याचा माग काढत राहिलो. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. फक्त ती फौज आपली नव्हती.

गोऱ्या शिपायाची दारू

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोरा शिपाई इथे आला की त्याच्या हाती पहिल्यांदा यायची ती अरक. माडीची, गुळाची, मोहाची, जिथे जे पिकेल त्याची. सरकारी रेशनमध्येही तिचा वाटा होता आणि बाजारात तर ती मातीमोल मिळायची. उन्हाळ्यात सकाळी परेड आटोपली की संध्याकाळपर्यंत बराकीत पडून राहायचं. काम नाही, भाषा येत नाही, घर सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे. अशा माणसाला स्वस्त अरक मिळाली की काय होईल ते सांगायला नको.

त्या काळात गोरा शिपाई लढाईपेक्षा बराकीतच जास्त मरत होता. 1857 नंतर इंग्लंडमध्ये या प्रश्नावर शाही आयोग बसला. 1863 साली त्याचा अहवाल आला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात दर वर्षी हजारी 69 मृत्यू, असा आकडा त्यात होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी या आयोगासाठी ठिकठिकाणच्या छावण्यांची माहिती तपासून आपली निरीक्षणं लिहिली. घाण पाणी, तुंबलेली गटारं, कोंदट बराकी ही कारणं त्यांनी मांडलीच. पण त्याच यादीत दारू आणि रिकामपण हीसुद्धा होती. हा शब्द लक्षात ठेवा मंडळी. रिकामपण. पुढे लागणार आहे.

दारू बंद करून बघणारेही होते. हेन्री हॅवलॉक हा पुढे 1857 च्या लढाईत गाजलेला सेनानी. त्याने त्याआधी आपल्या पलटणीत दारू सोडणाऱ्यांचा गट उभा केला होता. बाकीचे त्यांना चेष्टेने 'हॅवलॉकचे संत' म्हणत. पण सगळी फौज काही संत होणार नव्हती. म्हणून सरकारने मधला रस्ता धरला. अरक सुटत नसेल तर तिच्या जागी बिअर द्या. नशा कमी, पोट भरतं, आणि पाणी उकळून केलेली असल्यामुळे गावातल्या विहिरीच्या पाण्याहून सुरक्षित.

पण बिअर आणायची कुठून?

जहाजातली पिंपं

आधी ती विलायतेहून यायची. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसनची ब्रुअरी होती, कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ. जहाजांचे कप्तान तिथून पिंपं भरून घेत आणि मुंबई-कलकत्त्यात विकत. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती इथे पोचायची. हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं जास्त घातलेली बिअर या प्रवासात टिकायची. हॉप्समुळे ती लवकर आंबत नाही. पुढे 1820 नंतर बर्टन गावच्या ऑलसॉपने हॉजसनचा बाजार मारला, कारण बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर आणि त्या पाण्यात अशी फिकट, कडू बिअर झकास उतरते. आज पुण्या-बंगळुरूची पोरं 'आयपीए' मागवतात, म्हणजे इंडिया पेल एल, ती याच बिअरची नात.

एक गंमत अशी की ही फिकट बिअर मुख्यतः साहेब लोकांच्या टेबलावर जायची. साध्या गोऱ्या शिपायाला मिळायची ती पोर्टर, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर. रँकप्रमाणे ग्लास बदलतो ही पद्धत जुनीच आहे म्हणायची. आणि आपल्या देशी शिपायाला? या सगळ्या हिशोबात तो कुठेच नव्हता. सरकारला काळजी गोऱ्याच्या पोटाची होती.

जहाजाचं भाडं, फुटलेली पिंपं, आंबलेला माल, हे सगळं धरून ती बिअर महाग पडायची. ती इथेच केली तर? अडचण एकच होती, उन्हाळा.

कसौलीचा डायर

बिअर कशी होते ते आपल्या भाषेत सांगतो. सातू भिजत घालायचे आणि मटकीला आणतो तसे मोड आणायचे. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. मग भट्टीच्या उष्णतेने वाळवून मोड थांबवायचे. याला माल्ट म्हणतात. कमी भाजलं तर बिअर पिवळी, जास्त भाजलं तर काळी. माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवायचं, गोड काढा निघतो. तो गाळून, हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, दारू आणि वायू सोडतं.

सगळी मेख शेवटच्या पायरीत आहे. यीस्टला थंडावा लागतो. एल जातीच्या बिअरला साधारण 15 ते 20 अंश, लागरला त्याहून थंड, 10 अंशांच्या आसपास. अंबाल्याच्या किंवा मेरठच्या मे महिन्यात, बर्फयंत्र नसताना, हे जमणार कसं? काढा नासून आंबटढाण व्हायचा.

म्हणून ब्रुअरी डोंगरावर गेली. फौजही त्याच सुमारास डोंगरावर जात होती. कसौलीची छावणी 1842 ची, उंची सहा हजार फुटांवर. तिथे एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने ब्रुअरी काढली. कंपनी आपलं स्थापना वर्ष 1855 सांगते. यंत्रसामग्री विलायतेहून जहाजाने, मग गंगेतून होडीने आणि शेवटी बैलगाडीने कसौलीला चढवली असं सांगतात. थंड हवा होती, झऱ्याचं गोड पाणी होतं आणि गिऱ्हाईक शेजारच्याच बराकीत होतं. कसौली, सबाथू, डगशाई, सगळ्या छावण्या एका डोंगररांगेत. इथल्या लायन बिअरचा आशियातली पहिली बिअर म्हणून उल्लेख होतो. सुरुवातीला ती तीच कडू पेल एल होती.

पुढे पाणी जास्त मिळावं म्हणून बिअरचं काम सोलनला गेलं आणि कसौलीची जागा माल्ट व्हिस्कीच्या भट्टीला राहिली. कसौलीच्या खालच्या अंगाला ती आजही आहे. एच. जी. मीकिन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने 1887 मध्ये डायरकडून या ब्रुअऱ्या घेतल्या. पुढे दोन्ही नावं जोडून कंपनी 'डायर मीकिन' झाली. ब्रुअरी एवढी मोठी झाली की लाइन टाकली तेव्हा तिच्या नावाने स्टेशनच उभं राहिलं. माझी पाटी ती हीच.

डायर हे नाव

डायर म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं होतं. दिल्लीत पोस्टिंग असताना एका पुस्तकात वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. होय, तोच.

एडवर्ड डायरचा कारभार पुढे मरीला पसरला. मरी म्हणजे रावळपिंडीच्या वरचं थंड हवेचं ठिकाण, आता पाकिस्तानात. तिथे घोडा गली इथे 1860 मध्ये मरी ब्रुअरी निघाली, तीही मुख्यतः गोऱ्या फौजेच्या पुरवठ्यासाठी. एडवर्ड तिथला व्यवस्थापक. 1864 मध्ये मरीलाच त्याला मुलगा झाला, रेजिनाल्ड. काही शिक्षण सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत झालं. याच डोंगरात वाढलेला, फौजेला बिअर पुरवणाऱ्या बापाचा मुलगा फौजेत गेला आणि 13 एप्रिल 1919 ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत उभा राहिला. 1650 गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा. लोकांच्या मते मेलेले कितीतरी जास्त.

मी तोफखान्यातला माणूस. हुकूम म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्या दिवशी रायफली ज्यांच्या हातात होत्या ते शिपाई गोरे नव्हते, आपल्याच देशी पलटणींतले होते, हे वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बापाच्या बिअरला मुलाच्या पापाचा रंग लावावा का? मला तसं वाटत नाही. एडवर्ड डायर बिअर करत होता, वाईट काही करत नव्हता. पण एक गोष्ट खटकते. त्या राज्याला आपल्या शिपायाच्या पोटाची इतकी काळजी की डोंगर चढून ब्रुअऱ्या बांधल्या. आणि त्याच राज्याला बागेत अडकलेल्या माणसांची एवढीही नाही. काळजी होती, पण मोजून मापून, आपल्या-आपल्यापुरती.

डगशाईचा आयरिश

आणि आपल्या म्हटलेल्यांची तरी होती का? त्याचंही उत्तर याच डोंगरात आहे.

जालियनवाल्यानंतर वर्षभराने, जून 1920 मध्ये, जालंधरला कॅनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या जवानांनी काम करायला नकार दिला. घरून बातम्या येत होत्या. आयर्लंडमध्ये इंग्रज सरकारची माणसं त्यांच्याच गावांवर अत्याचार करत होती. ज्या सरकारसाठी आम्ही इथे उभे आहोत तेच आमच्या घरादारावर उठलं आहे, मग आम्ही कोणासाठी उभे आहोत, हा त्यांचा सवाल. बातमी सोलनला असलेल्या त्यांच्या कंपनीपर्यंत पोचली. तिथे जेम्स डेली या तरुण जवानाच्या पुढाकाराने काही जण शस्त्रागारावर चालून गेले. गोळीबारात दोघे मेले. कोर्ट मार्शल झालं, अनेकांना मृत्युदंड सुनावला गेला, पण अंमल एकट्या डेलीवर झाला. 2 नोव्हेंबर 1920 ला डगशाईच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. पन्नास वर्षांनी, 1970 मध्ये, त्याचे अवशेष आयर्लंडला नेण्यात आले.

डगशाईचा तो तुरुंग आता म्युझियम आहे. मी तिथे एक दुपार काढली. जाड भिंती, अंधाऱ्या कोठड्या, पावलांचा आवाज परत येतो. बाहेर आल्यावर समोर सोलनकडचे डोंगर दिसले आणि मनात आलं, शिपायाच्या उदास मनावर औषध म्हणून बांधलेली ब्रुअरी या पोरांपासून किती जवळ होती. उपयोग शून्य. त्यांना पाहिजे होती ती गोष्ट पिंपात भरता येत नाही.

एका झाडाच्या तीन फांद्या

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, एन. एन. मोहन यांनी डायर मीकिन विकत घेतली. साठच्या दशकात नावातला डायर गेला आणि कंपनी 'मोहन मीकिन' झाली. मधल्या काळात, 1954 च्या डिसेंबरात, त्यांची ओल्ड मंक बाजारात आली. तिच्याविषयी फौजी माणसाला मी काय सांगणार? पुढे बरीच वर्षं कारभार ब्रिगेडियर कपिल मोहन यांच्याकडे होता. 2018 मध्ये ते गेले. ते स्वतः दारू घेत नसत असं त्यांच्याविषयी अनेकांनी लिहिलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

लायन बिअरही बदलली. साठच्या दशकात ती कडू एलची हलकी लागर झाली, आणि पुढे गोल्डन ईगल तिच्यापुढे गेली. मी बड्या खान्याला प्यायलो ती हीच धाकटी.

दुसरी फांदी श्रीलंकेत. 1880 च्या दशकात तिथल्या नुवारा एलिया या चहाच्या डोंगरात ब्रुअरी निघाली आणि लायन हे नाव तिथे गेलं. निवृत्तीनंतर मंडळीला घेऊन एका सहलीबरोबर श्रीलंकेला गेलो, तेव्हा हॉटेलात लायन स्टाउट मागवली. काळीभोर, वर कॉफीच्या रंगाचा फेस. वास करपत आलेल्या गुळाच्या काकवीचा. चवीला आधी कॉफी, मग कडू चॉकलेट, शेवटी मनुका. अंगाने जड, एका बाटलीत दोन भाकऱ्यांचं काम. मंडळीने वास घेऊन विचारलं, "अहो, हे काढ्यासारखं काय घेताय?" म्हटलं, काढाच आहे. गोऱ्या शिपायाची काळी बिअर कशी लागत असेल त्याचा थोडा अंदाज त्या दिवशी आला.

तिसरी फांदी मरी. फाळणीच्या दंगलीत घोडा गलीची जुनी इमारत जळाली. रावळपिंडीचा कारखाना चालू राहिला. 1977 पासून पाकिस्तानात मुसलमानांना दारूबंदी आहे, तरी तो आजही चालतो आणि एका पारशी कुटुंबाकडे आहे. त्या बिअरची चव मी तुम्हाला सांगू शकत नाही. सेवेतली काही वर्षं त्या दिशेला तोफांची तोंडं करून उभा होतो, त्या बाजूचं पाणी प्यायचा योग आला नाही.

देवळालीचं वेड

आता थोडं घराकडे. मी तोफखान्याचा, त्यामुळे नाशिक रोड कॅम्प आणि देवळाली म्हणजे माहेर. ब्रिटिश काळात देवळालीला गोऱ्या शिपायांचा मोठा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथे येऊन मायदेशाच्या जहाजाची वाट बघत. जहाजं थंडीच्या महिन्यांतच सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो महिनोनमहिने तिथेच पडून. काम नाही, परेड नाही, फक्त वाट बघणं. बरेच जण बहकायचे, दारूत बुडायचे, काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्यावरून इंग्रजीत शब्दच रूढ झाला, 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे आपली देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. विलायतेत आजही वेडसर माणसाला डुलाली म्हणतात. नाशिकजवळच्या एका गावाचं नाव रिकामपणाने आलेल्या वेडाला मिळालं.

आणि 2009 मध्ये पुण्यात एक छोटी ब्रुअरी निघाली, स्वतःच्या टाक्यांत ताजी बिअर करून तिथेच ग्लासात देणारी. नाव ठेवलं डुलाली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. म्हणाला, "बाबा, तुमच्या देवळालीच्या नावाची बिअर पाजतो." गेलो. वयाने मी तिथे सगळ्यांत ज्येष्ठ होतो. गव्हाची बिअर आली, हेफेवायझन म्हणतात. गढूळ, उसाच्या रसासारखी दिसणारी. पहिल्या घोटाला पिकलं केळं आणि मागून लवंग. विचारलं तर कळलं, केळंही नाही आणि लवंगही नाही, हा वास ते यीस्टच तयार करतं. कडूपणा जवळजवळ नाही. बाटलीतल्या बिअरपेक्षा ताजी बिअर किती वेगळी लागते, ते त्या दिवशी कळलं. ताज्या आणि शिळ्या भाकरीइतका फरक.

सगळीकडे पोरं-पोरी हसत, बोलत बसलेली. कोणी एकटं नव्हतं. मी ग्लासाकडे बघत होतो आणि मला माझ्या एका माणसाची आठवण आली. त्याच्यासाठीच खरं तर हा लेख.

माझा लान्स नाईक

तो माझ्या तोफेवर होता. नाव लिहीत नाही, त्याची मुलं हे वाचतात. आमच्याच जिल्ह्यातला, दोन गावं पलीकडचा. गन पोझिशनवर असा माणूस लाखात एक. गोळा भरताना त्याचे हात बघायला कोर्सवाले येऊन उभे राहायचे. नोकरीत असेपर्यंत कधी लायनीबाहेर पाऊल नाही. बड्या खान्याला एक ग्लास, तोही मी आग्रह केल्यावर.

वयाच्या सदतिसाव्या वर्षी पेन्शनवर घरी आला. शेती दीड एकर, ती भाऊ करायचा. सिक्युरिटीची नोकरी धरली, सोडली. सकाळी पाचला जाग यायची आणि दिवसभर करायला काही नसायचं. कँटीनचा कोटा होता. आधी महिन्याचा कोटा महिना पुरायचा, मग पंधरा दिवस, मग आठ. त्यानंतर तो माझ्याकडे यायचा. "सर, तुम्ही तर घेत नाही, तुमच्या बाटल्या पडून असतील." मी द्यायचो. गनवरचा माणूस, नाही कसं म्हणायचं? दोन वर्षं दिल्या. लिव्हर गेलं. मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो गेला.

मी त्याला बाटल्या दिल्या. कधी त्याच्या दारात जाऊन बसलो नाही. दोन गावांचं अंतर, मोटरसायकलवर वीस मिनिटं. पण बाटली देणं सोपं होतं.

हा दोष कँटीनचा नाही आणि सोलनच्या पाण्याचाही नाही. जो इतिहास मी तीस वर्षं लायब्रऱ्यांत शोधत होतो तो माझ्या डोळ्यांसमोर घडत होता आणि मला दिसला नाही. दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनी शिपायाच्या दुखण्याचं निदान बरोबर केलं होतं. कागदावर लिहिलं होतं, रिकामपण. पण त्यावर उपाय म्हणून पिंपं पाठवणं सोपं होतं. अरक वाईट तर बिअर द्या, बिअर महाग तर डोंगरावर ब्रुअरी बांधा. सरकारने जे केलं तेच मी केलं. निदान माहीत असून बाटली दिली.

बिअर वाईट आहे असं मी म्हणत नाही. गोल्डन ईगलचा तो पहिला ग्लास मला आजही आठवतो, आणि का आठवतो तेही कळतं. समोर सुभेदार मेजर साहेब होते, शेजारी माझी गन टीम होती, दुसऱ्या दिवशी पहाटे पीटी होती. ग्लासाच्या आजूबाजूला सगळं भरलेलं होतं. लान्स नाईकाच्या ग्लासाच्या आजूबाजूला काही नव्हतं.

आता आमच्या तालुक्यात आम्ही सतरा जण आहोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाच्या घरी जमतो. चहा होतो. जो येत नाही त्याच्या घरी दोघं जातात, कारण विचारायला नाही, नुसतं बसायला. याला आम्ही गस्त म्हणतो. दोघांनी गेल्या वर्षी पोलीस भरतीच्या मुलांना पळायला शिकवायला सुरुवात केली, पहाटे पाचला, कारण जाग तर येतेच. माझ्या वाट्याचा कोटा मी आता कोणाला देत नाही.

या नोव्हेंबरात पुन्हा त्या लाइनने जायचा विचार आहे. मंडळीला सोलन ब्रुअरीची पाटी दाखवायची आहे. परत आल्यावर डगशाईविषयी वेगळं लिहीन.

तोवर तुमच्या गन टीममधला, सेक्शनमधला, बॅचमधला कोण कुठे आहे ते एकदा आठवा. ज्याचा फोन वर्षभरात आला नाही त्याच्या गावाला किती मिनिटं लागतात ते बघा, आणि जाऊन या. हातात काही नेऊ नका.

जय हिंद.